संस्थापकांचा गुडघा

१

माणसाचं सगळं आरोग्य त्याच्या आतड्यात वसतं. हे वाक्य संस्थापकांनी तीस वर्षं सभागृहांतून, पडद्यांवरून आणि कॅप्सूलच्या डब्यांवरून जगाला ठणकावून सांगितलं. मंगळवारी सकाळी त्यांचं आतडं स्टीलच्या टेबलावर उलगडून ठेवलं, तेव्हा आरोग्य सोडून बाकी बरंच काही त्यात सापडलं.

"चाळण झालीय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

शवविच्छेदन करण्यात बाईंची हयात गेली होती. लोक त्यांना तोंडावर डॉक्टरबाई आणि पाठीमागे चिमटाबाई म्हणत. हे नाव हातातल्या चिमट्यामुळे पडलं की जिभेमुळे, याबद्दल विभागात दोन तट होते.

इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून दारातच उभे होते. त्यांना जन्माची अॅसिडिटी. दुसऱ्याचं पोट उघडलेलं पाहिलं की त्यांचं स्वतःचं पोट जळायला लागे.

"विषच ना?"

"व्रण आहेत. लहान आतड्यात, ठिकठिकाणी. पंचने कागदाला भोकं पाडावीत तसे."

"म्हणजे विषच."

"तुम्हाला घाई कसली झालीय?"

"सून खाली गाडीत बसलीय," इन्स्पेक्टर म्हणाले. "माणूस महिनाभर नुसत्या पाण्यावर होता. पाणी एकटी सून द्यायची. माणूस मेला. इतकं सरळ प्रकरण मला नोकरीत लागल्यापासून मिळालं नाही हो बाई. वाकडं करू नका."

प्रकरण दिसायला सरळच होतं. संस्थेच्या वर्धापनासाठी संस्थापकांनी आतड्याला महिन्याची रजा दिली होती. अन्न बंद, पाणी आणि रोज संस्थेच्या तीन कॅप्सूल, एवढंच. काचेच्या दालनात रोज कॅमेऱ्यासमोर भाषण. शेवटून दुसऱ्या दिवशी भाषणात 'आतडं' हा शब्द अर्धा उच्चारून ते थरथरत खाली बसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बैठक नसून कोसळणं आहे, हे टाळ्या थांबल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारले.

"इस्पितळाने रक्त घेतलं होतं," बाई म्हणाल्या. "त्यात जंतू वाढले."

"कुणी घातले?"

"कुणी नाही. त्यांचेच आहेत. तुमच्या-माझ्या आतड्यात जन्मभर बिनबोभाट राहणारे. बाहेरून कुणी आलंच नाही, इन्स्पेक्टर. खोली आतून बंद होती आणि मारेकरी आतच राहत होता. भिंत कुणी पाडली, एवढंच बघायचंय."

बोलता बोलता बाईंनी मृताचा उजवा गुडघा उघडला.

"गुडघ्याने कोण मरतं?" इन्स्पेक्टर रुमालातून म्हणाले.

"कुणी नाही. सवय आहे, सगळं बघते." बाई बराच वेळ वाकून राहिल्या. मग सरळ होऊन हातमोजे काढत म्हणाल्या, "सुनेला गाडीतून उतरवा. संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या. मला हा माणूस चालताना बघायचाय."

२

सुनेला उतरवलं नाहीच. तीच गाडी संस्थापकांच्या घराकडे निघाली. सून मागच्या सीटवर एका महिला शिपायाशेजारी बसली होती, वाट चुकलेल्या सामानासारखी. नवरा सहा वर्षांपूर्वी परदेशी 'जरा स्थिरस्थावर होऊन येतो' म्हणून गेला होता. तो इतका स्थिरस्थावर झाला की हललाच नाही. हिला मात्र सासऱ्याच्या सेवेला ठेवून गेला होता, तात्पुरतं.

"भिंत म्हणजे काय, ते तरी सांगा," इन्स्पेक्टर म्हणाले. "मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल."

"आतड्याचं अस्तर. एका पेशीच्या जाडीचं. तुमच्या बनियनपेक्षा पातळ. पेशी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या असतात. अलीकडे अब्जावधी भाडेकरू, पलीकडे तुमचं रक्त. मधे बुळबुळीत पदार्थाचा गिलावा. भाडेकरूंना वरून जेवण येतं तोवर ते गुमान राहतात, उलट चार कामंही करतात."

"आणि नाही आलं तर?"

"गिलावा खातात."

इन्स्पेक्टरांनी पोटावर हात ठेवला.

"त्यात मालकच जेवत नाही म्हटल्यावर भिंतीची डागडुजीही मंदावते. भिंत आणखी पातळ होते. तरी नुसत्या उपवासाने असे व्रण पडत नाहीत. गिलावा भाडेकरूंनी खाल्ला असेल, पण हातोडा दुसऱ्या कुणाचातरी आहे."

"पाण्यातला," इन्स्पेक्टर समाधानाने म्हणाले.

मागून पहिल्यांदाच आवाज आला.

"माझ्या हातचं पाणी ते उष्टं करून घ्यायचे," सून म्हणाली. "मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, बाबा, थोडं जेवा. तेव्हापासून माझ्यावर संशय. दर ग्लास आधी सासूबाई प्यायच्या, मग ते."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, पाणी कोण देत होतं. मी सांगितलं, मी."

इन्स्पेक्टर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचं सरळ प्रकरण पहिल्यांदा वाकलं होतं.

३

घराच्या खालच्या मजल्यावर संस्थेचं कार्यालय होतं. दालनात भिंतभर पडदा आणि त्यावर संस्थापकांची उपवासफीत अखंड चालू. माणूस मेला हे पडद्याला कुणी कळवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातले संस्थापक कठड्याला लोंबकळत एकेक पायरी उतरत होते, चेहरा सुपारीएवढा. तिसऱ्या आठवड्यातले संस्थापक दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर चढत होते. खाली अक्षरं झळकली: उपवासाने गुडघा बरा.

बाईंनी फीत दोनदा पाहिली. मग संस्थापकांच्या विधवेला भेटायला त्या वर गेल्या.

संस्थापकांना घरात सगळेच 'संस्थापक' म्हणत, बायकोसुद्धा. पांढऱ्या कपड्यांत ती आरशासमोर बसली होती. शेजारी छोटा संगमरवरी खलबत्ता होता, तळाशी गुलाबी पूड चिकटलेली.

"लेप आहे चेहऱ्याचा," बाईंची नजर पाहून ती म्हणाली. "संस्थेच्याच कॅप्सूलमधली पावडर. बाहेरचं काही या घरात येत नाही. इथे डोकेदुखीची गोळीसुद्धा कुणी तोंडात धरलेली नाही. मागे सूनबाईने पेनकिलर हा शब्द जेवणाच्या टेबलावर काढला, तर संस्थापकांनी तिला ताटावरून उठवलं होतं."

"मग ती कुठे जेवली?"

"मी नाही विचारलं."

"संस्थापकांना झोप लागायची का?"

"पहिल्या आठवड्यात नाही. विव्हळायचे. मधे एकच भिंत, मी कानात कापूस घालायचे. ती सवय अजून आहे. मग उपवास लागू पडला. शांत झोपायला लागले. मीही." तिने आरशात पाहिलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा."

"रात्रीची कॅप्सूल कोण द्यायचं?"

"मी. सूनबाईच्या हातून ते कॅप्सूल घेणं शक्यच नव्हतं."

बाई उठल्या. खलबत्त्यातली पूड बोटावर घेऊन जिभेला लावली. लेप भलताच कडू होता.

४

कारखाना मागच्या अंगणात होता आणि तो विधवेचा भाऊ चालवत असे. त्याला सगळे मामा म्हणत, कामगारही. मामा मेहुण्याच्या मृत्यूने खचला होता, पण कामाच्या वेळात नाही.

"एकेका कॅप्सूलमध्ये दहा अब्ज जिवंत जंतू," तो यंत्राच्या खडखडाटावरून ओरडला. "मित्रजंतू. अत्यंत नाजूक. जरा ऊब लागली की मरतात."

"मग गार कुठे ठेवता?"

मामाने 'जिवाणू कक्ष' अशी पाटी लावलेल्या खोलीतला फ्रीज उघडून दाखवला. आत सरबताच्या बाटल्या होत्या, आणि कुणाचातरी अर्धा केक.

"आज साफसफाई आहे," मामा म्हणाला आणि फ्रीज लावून टाकला.

कॅप्सूलचे भरलेले खोके बाहेर उन्हात रचले होते. बाईंनी त्यातला एक डबा उचलून पिशवीत टाकला.

"संस्थापकही याच घ्यायचे?"

"छे. त्यांची खास. रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर मी स्वतःच्या हाताने द्यायचो. गुरूची कॅप्सूल आणि गिऱ्हाइकाची कॅप्सूल एकच कशी असेल, बाई?" मामाचा चेहरा उजळला. "फीत पाहिलीत ना? मला भीती होती, तिसऱ्या आठवड्यात उभे तरी राहतील का. तर दोन-दोन पायऱ्या. दुसऱ्या दिवशी ऑर्डरींनी फोन बंद पडले."

"खास बॅचमधल्या उरल्यात?"

"ताईला विचारा, तिच्याकडे असतील," मामा म्हणाला. पण त्याचा हात नकळत स्वतःच्या सदऱ्याच्या खिशावर गेला.

५

सून संस्थापकांच्या खोलीत उभी होती, दाराशी महिला शिपाई. टेबलावर हातभर उंचीचं प्लास्टिकचं आतडं होतं, सोनेरी चौथऱ्यावर बसवलेलं. कुठल्याशा परिषदेने सन्मानाने दिलेलं.

"दुपारी ते इथेच असायचे," ती म्हणाली. "दार लावून. चिंतन करायचे. दुपारची कॅप्सूल स्वतःच घ्यायचे."

"तुमच्या लक्षात काही आलं होतं?"

"शेवटचे दोन दिवस ग्लास घेताना त्यांचा हात गरम लागायचा. सकाळी कॅप्सूल घेतली की तासाभराने गार. पुन्हा गरम. मी म्हटलं, बाबा, हा ताप आहे. ते म्हणाले, ही आतल्या शुद्धीची ऊब आहे. संध्याकाळच्या भाषणात वापरलंही ते वाक्य."

"टाळ्या पडल्या?"

"भरपूर."

"आणि या खोलीत?"

सुनेने जरा विचार केला. "हे आतडं पुसायला घेतलं की खुळखुळतं. पूर्वी नाही वाजायचं. मला वाटलं, प्लास्टिकचं असलं म्हणून काय झालं, त्यालाही उपवासाचा त्रास होत असेल."

बोलताना तिचा चेहरा इतका कोरा होता की महिला शिपाई हसावं की लिहून घ्यावं या पेचात पडली.

बाईंनी आतडं उचलून हलवलं. ते वाजलं.

तेवढ्यात इन्स्पेक्टर जिना चढून आले, धापा टाकत, पण चेहऱ्यावर तेज. "प्रयोगशाळेचा फोन होता. रक्तात औषध सापडलं. पेनकिलर. आणि या घरात तो शब्द उच्चारणारी बाई एकच, सासूनेच सांगितलं." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "चला, संपलं."

"कुठली पेनकिलर?" बाईंनी विचारलं.

इन्स्पेक्टरांनी हातावर लिहिलेलं वाचलं आणि त्यांचं तेज थोडं उतरलं.

"एक नाही," ते म्हणाले. "तीन."

६

संध्याकाळी सगळे खालच्या दालनात जमले. पडद्यावर संस्थापक पायऱ्या चढत होते. तो पडदा कोणी बंद करीना, म्हणून मृताच्या उपस्थितीतच बोलणं सुरू झालं.

"या गुडघ्याने माझं काम सोपं केलं," बाई पडद्याकडे चिमटा रोखून म्हणाल्या. "सकाळी मी तो उघडून पाहिलाय. आतली गादी संपलेली, हाडावर हाड घासतंय. असा माणूस दोन पायऱ्या एकदम चढत नाही. चढलाच तर किंचाळतो. हे तर हसतायत. म्हणजे गुडघा बरा झाला नव्हता, त्याचं दुखणं दाबलं होतं. रिकाम्या पोटी, दिवसेंदिवस. ही औषधं आतड्याच्या अस्तराला भोकं पाडतात, भरल्या पोटीही. इथे तर आधीच गिलावा उडालेला. भाडेकरू थेट रक्तात गेले. ताप आला, तोही त्याच औषधाने झाकला. त्यामुळे आत आग लागली तरी धूर बाहेर दिसेना."

"सूनबाई!" विधवा म्हणाली.

"सूनबाईंच्या हातचं ते पाणीसुद्धा उष्टं करून घेत होते. शिवाय एकच माणूस चोरून औषध देत असेल तर एकच औषध देईल. दुकानात जाऊन तीन प्रकार कशाला आणेल? तीन औषधं म्हणजे तीन हात. आणि एका हाताला दुसरा ठाऊक नाही. असं कुठल्या घरात होईल? जिथे गोळीचं नाव काढायची सोय नाही त्याच घरात. या घरात तो शब्द मोकळेपणी बोलणारी एकच बाई होती. तिला चोरी करायची गरजच नव्हती."

त्यांनी टेबलावर खलबत्ता ठेवला.

"रात्रीची कॅप्सूल. आतली पावडर काढून चेहऱ्याला, आणि जागी गुलाबी गोळीचा भुगा. बाईसाहेब?"

विधवेने खलबत्ता आपल्याकडे ओढला. "एकच द्यायचे मी," ती म्हणाली. "रात्रीची. माणूस विव्हळत असला की झोप लागत नाही."

"मामा, खिसा."

मामाने खिशातून डबी काढली. खास बॅचच्या उरलेल्या दोन कॅप्सूल. बाईंनी एक उघडली. पिवळी पूड कागदावर सांडली.

"एकच," मामा म्हणाला. "सकाळची. कॅमेऱ्यासमोर लंगडा गुरू कोण बघणार? मी काही विष नाही दिलं. चांगल्या दुकानातलं औषध होतं."

"आणि ताईंना सांगितलं नाहीत."

"ताईला कसं सांगणार? तिने संस्थापकांना सांगितलं असतं."

मग बाईंनी प्लास्टिकच्या आतड्याचं झाकण उघडलं. पांढऱ्या गोळ्या टेबलावर घरंगळल्या आणि एक विधवेच्या पायाशी जाऊन थांबली.

"दुपारची," बाई म्हणाल्या. "चिंतन."

पडद्यावर संस्थापक पेनकिलरला माणुसकीचा शत्रू म्हणत होते.

"म्हणजे त्यांनाही माहीत होतं," विधवा हळू म्हणाली. "की गुडघा..."

"त्यांना वाटलं, एकाच गोळीने एवढं बरं वाटतंय. बहुधा उपवासाचाही थोडा परिणाम असावा, असं वाटलं असेल. बाईसाहेबांना वाटलं, आपल्या गोळीने. मामांना वाटलं, आपल्या. तिघंही खूश होते."

"मग मी त्यांना नक्की किती मारलं?"

बाईंनी प्रश्न नीट ऐकून घेतला. त्यांनी आयुष्यभर अचूक उत्तरं दिली होती. आताही सवय मोडली नाही.

"साधारण एक तृतीयांश."

विधवा सुनेकडे वळली. "तुला एवढं कळत होतं, ताप आहे, हात गरम आहे, तर मला येऊन सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, आई. तुम्ही कानात कापूस घातला होता."

इन्स्पेक्टरांनी वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "एका तृतीयांशाला कुठलं कलम लावू?" त्यांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं. "आणि तिसरा आरोपी तर तुमच्याकडे फ्रीजमध्ये आहे."

"बेड्या घालायच्या तर लवकर घाला. उद्या नेणार आहेत त्याला."

इन्स्पेक्टरांनी महिला शिपायाला खूण केली. ती सुनेपासून दोन पावलं दूर सरकली. अटक टळली, ती इतकीच.

"म्हणजे मी आता जाऊ शकते?" सुनेने विचारलं.

"कुठे?" मामा म्हणाला. "पाहुणे येतील भेटायला. पाणी कोण देणार?"

सुनेने पडद्याची तार भिंतीतून ओढून काढली. संस्थापक वरच्या पायरीवर पाय उचललेल्या अवस्थेत नाहीसे झाले. मग ती जिना चढून वर गेली, एक बॅग घेऊन उतरली, आणि कुणालाही वाकून नमस्कार न करता फाटकाबाहेर पडली. इन्स्पेक्टरांनी गाडी देऊ केली. त्या गाडीत दिवसभर बसून झालंय, असं ती म्हणाली आणि चालत गेली.

७

पुढे काय व्हायचं ते झालं. वकिलांनी सिद्ध केलं की एका गोळीने कुणी मरत नाही, आणि दोघांनी एकेकच दिली होती. त्या गिळणाऱ्याने स्वतःहूनही एक घेतली होती, तेव्हा उरलेला दोष त्याच्यावर टाकणं सगळ्यांनाच सोयीचं पडलं. त्याने हरकत घेतली नाही. विधवा आता संस्थापिका झाली आणि रोज कॅमेऱ्यासमोर बसू लागली. तिच्या कातडीची लोक तारीफ करत.

इन्स्पेक्टर एकदा कामानिमित्त विभागात आले. जाताना दारात घुटमळून त्यांनी हळूच विचारलं, पाठीसाठी ते रोज रात्री एक गोळी घेतात, जेवण्याआधी, ते ठीक आहे ना.

"आज जेवून घ्या," बाई म्हणाल्या. "आणि उद्या उपाशीपोटी माझ्याकडे या. जिवंतपणी."

कारखान्यातून उचललेला तो कॅप्सूलचा डबा बाईंनी नियमाप्रमाणे तपासायला पाठवला होता. तो परत आला तोवर प्रकरण केव्हाच मिटलं होतं. सोबतच्या चिठ्ठीची प्रत मामाने मागून नेली आणि दुसऱ्याच दिवशी त्यातलं एक वाक्य मोठ्या अक्षरांत डब्यांवर छापलं: सरकारी तपासणीत एकही घातक जंतू आढळला नाही.

ते खरंच होतं. घातक नव्हता, मित्र नव्हता, जिवंत नव्हता की मेलेला नव्हता.

कॅप्सूलमध्ये मक्याचं पीठ होतं.